कुरोसावांच्या आवडीचे शंभर चित्रपट

आयुष्यात पाहिलेल्या चित्रपटांपैकी सर्वांत आवडते दहा कोणते, हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटला तरी जाणत्या रसिकालाही तो अडचणीत टाकतो. पाच नावे झटकन सुचतात. पुढची पाच आठवताना आधीच्या पाचांविषयी शंका येऊ लागते, आणि अकरावे नाव गाळताना तर एखाद्या जिवलगाला लग्नाचे आमंत्रण द्यायचे राहून गेल्यासारखी रुखरुख लागते. लंडनहून निघणारे 'साइट अँड साऊंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरातील समीक्षकांना हा प्रश्न विचारत आले आहे. १९८२ च्या कौलात तिसरे स्थान दोन चित्रपटांना विभागून मिळाले आणि त्यांपैकी एक होता जपानचा 'सेव्हन सामुराई'. हिंदी चित्रपटांच्या प्रेक्षकाला त्याची आडून ओळख 'शोले'तून झालेली असते. गावकऱ्यांनी दरोडेखोरांशी लढण्यासाठी भाड्याने लढवय्ये आणायचे, ही कल्पना मूळची तिथली.

जगाच्या अशा याद्यांत वर्षानुवर्षे मानाने बसणारे अकिरा कुरोसावा स्वतः मात्र पहिल्या दहांची यादी करायला तयार नसत. आवडते चित्रपट मोजता येण्याइतके थोडे नाहीत आणि त्यांना क्रम लावणे शक्य नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. तरीही त्यांच्या नावावर एक यादी आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९९९ मध्ये जपानमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध झाले. स्वप्ने प्रतिभावान असतात, अशा अर्थाचे त्याचे नाव. त्यात कुरोसावांच्या आवडीच्या शंभर चित्रपटांची नोंद आहे. ती सिद्ध केली त्यांची मुलगी काझुको हिने. एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट घ्यायचा, ज्यांच्याविषयी बापलेकीच्या मनसोक्त गप्पा झाल्या होत्या असे चित्रपट घ्यायचे, आणि क्रम गुणांचा न ठेवता केवळ काळाचा ठेवायचा, असे तिचे साधे नियम होते.

या शंभरांत सगळी सरमिसळ आहे. बुन्युएल आणि दाली यांचा चक्रावून टाकणारा 'अँ शियाँ आंदालू' आहे, आणि फ्रेड अस्टेअरचा नाचगाण्यांचा 'डॅडी लाँग लेग्ज'ही आहे. 'बेन हर'सारखा अवाढव्य पट आहे, आणि 'लास्ट इयर अॅट मारिएनबाड'सारखा प्रेक्षकाच्या संयमाची परीक्षा पाहणाराही. 'बायसिकल थीव्ह्ज', 'ला स्ट्राडा', 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'अॅनी हॉल' आणि मियाझाकींचा 'तोतोरो' एकाच रांगेत उभे आहेत. प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेली यादी अशी दिसत नाही. ती माणसाच्या आयुष्याची दिसते, आणि त्या आयुष्याच्या कडेकडेने वाचली तरच तिचा अर्थ लागू लागतो.

अकिरा कुरोसावांचा जन्म २३ मार्च १९१० चा, टोकियोतला. आठ भावंडांत ते शेंडेफळ. वडील इसामु हे सामुराई वंशातले, लष्कराशी संलग्न असलेल्या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत कामाला. घरात शिस्त करडी होती. परंतु ज्या काळात शिक्षकमंडळी चित्रपटाकडे नाक मुरडून पाहत, त्या काळात हा कडक गृहस्थ बायकामुलांना घेऊन चित्रपटाला जात असे. पाश्चात्त्य चित्रपटांतून मुलांना जग कळते, असे त्याचे मत होते. आणखी एका गोष्टीत अकिरा नशीबवान ठरला. प्राथमिक शाळेत वर्गात मागे पडणाऱ्या या रडव्या मुलाला चित्रकलेत गती आहे, हे ताचिकावा नावाच्या शिक्षकांनी ओळखले. मोठेपणी चित्रकार व्हायचे, हे त्याने मनाशी पक्के केले ते तेव्हापासून.

मात्र या मुलाला घडवले ते त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या हेइगो या भावाने. हेइगो कुशाग्र होता. टोकियोतल्या नामांकित माध्यमिक शाळेच्या प्रवेश परीक्षेत तो अनपेक्षितपणे नापास झाला आणि काहीतरी बिनसले. अभ्यासावरून त्याचे मन उडाले. तो परकीय साहित्यात, विशेषतः रशियन कादंबऱ्यांत बुडून गेला. त्या वाचनातून आलेली निराशा त्याने तरुणपणीच स्वीकारलेल्या विचारासारखी जपली.

१ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भागात झालेल्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगींनी टोकियो व योकोहामा उद्ध्वस्त केले. लाखाहून अधिक माणसे गेली. आगी शमल्यावर हेइगोने तेरा वर्षांच्या अकिराला बरोबर घेतले आणि तो त्या जळक्या शहरातून हिंडला. रस्त्यांवर, पुलांवर, नदीच्या पाण्यात प्रेते होती. अकिराने मान वळवली की हेइगो त्याला पुन्हा पाहायला लावी. त्या रात्री आपल्याला भयंकर स्वप्ने पडतील, असे अकिराला वाटत होते. प्रत्यक्षात त्याला गाढ झोप लागली. भीतीदायक गोष्टीकडे डोळे मिटून घेतले तर ती भेडसावते, सरळ पाहिले तर तिची भीती उरत नाही, असा उलगडा भावाने त्याला केला. हा धडा थोरल्याने धाकट्याला दिला खरा. तो किती कठोर होता, हे दहा वर्षांनी कळायचे होते.

याच भावाने अकिराला चित्रपट दाखवले. कोणता पाहायचा हे हेइगो सांगे आणि अकिरा त्यासाठी दूरदूरच्या चित्रगृहांपर्यंत पायी जाई. असाकुसा या करमणुकीच्या पेठेत दोघे भाऊ रात्री उशिराच्या सवलतीच्या तिकिटांसाठी रांगेत उभे राहत. घरी परतल्यावर बोलणी खावी लागत ती अर्थातच थोरल्याला. पुढे हेइगोने चित्रपटांवर लेखन सुरू केले आणि सुदा तेइमेइ हे नाव घेऊन तो बेन्शी झाला.

बेन्शी ही जपानी मूकपटांची खास चीज होती. मूकपटांच्या काळात आपल्याकडेही पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस चित्रगृहात असे. जपानमधला बेन्शी त्याच्यापेक्षा फार मोठा. पडद्याशेजारी उभा राहून तो वेगवेगळ्या आवाजांत पात्रांचे संवाद म्हणे, प्रसंगाचे वर्णन करी, मध्येच भाष्य करी. प्रेक्षक कधी कधी चित्रपटापेक्षा बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढत. हेइगो परदेशी चित्रपटांचा बेन्शी होता आणि त्याचे नाव होऊ लागले होते. चित्रकार होण्यासाठी धडपडणारा, डाव्या कलावंतांच्या संघटनेत काही वर्षे घालवून १९३२ मध्ये थकूनभागून बाहेर पडलेला अकिरा त्याच्याकडेच येऊन राहिला. भावाच्या ओळखीने चित्रगृहांत फुकट प्रवेश होता. तिथे तो अक्षरशः राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

अशा वेळी बोलपट आला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला. आपल्याकडे ती तारीख आनंदाची म्हणून सांगितली जाते, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच वर्षी जपानमध्ये जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा 'मोरोक्को' प्रदर्शित झाला. गॅरी कूपर आणि मार्लीन डीट्रिश यांचा हा बोलपट जपानी उपशीर्षकांसह दाखवण्यात आला. त्या देशात असे प्रथमच घडत होते. पडद्याच्या कडेला उमटलेल्या त्या चार अक्षरांनी पडद्याशेजारच्या माणसाचे काम संपवले. परदेशी चित्रपट समजावून सांगायला आता कोणी लागणार नव्हते. चित्रगृहांनी बेन्शींना काढायला सुरुवात केली. बेन्शींनी संप केला आणि त्याच्या नेतृत्वाची जबाबदारी हेइगोवर आली. संप फसणार हे उघड होते. तो फसला.

तिशी गाठण्याआधी आपण मरणार, असे हेइगो पूर्वीपासून म्हणत असे. आई हवालदिल झाली तेव्हा अकिराने तिची समजूत घातली. मरणाची भाषा करणारी माणसे मरत नाहीत, असे काहीसे तो सहज बोलून गेला. काही दिवसांनी, जुलै १९३३ मध्ये, हेइगोने इझू द्वीपकल्पातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावी आपले आयुष्य संपवले. तो सत्तावीस वर्षांचा होता. मृतदेह आणायला वडिलांबरोबर गेलेला अकिरा त्याच्यासमोर खिळून उभा राहिला. एका नातेवाइकाने दटावून भानावर आणले तेव्हा तो हलला. डोळे वळवू नकोस, हे शिकवणारा आता समोर पडला होता. काही महिन्यांत सर्वांत थोरला भाऊही आजारपणात गेला. एक भाऊ तर फार पूर्वीच वारला होता. तेविसाव्या वर्षी अकिरा आईवडिलांचा एकुलता उरलेला मुलगा झाला.

पुढे साठ वर्षांनी या माणसाच्या आवडत्या चित्रपटांची यादी झाली तेव्हा तिच्या सुरुवातीलाच, ग्रिफिथचा 'ब्रोकन ब्लॉसम्स', 'डॉ. कॅलिगारी', चॅप्लिनचा 'गोल्ड रश' अशी नावे आल्यानंतर सातव्या स्थानी आहे 'मोरोक्को'. भावाचे पोट ज्याने मारले तो चित्रपट. एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट घ्यायचा तर स्टर्नबर्गचे इतर चित्रपटही होते. घेतला गेला तो हा.

१९३५ मध्ये पीसीएल या चित्रपटसंस्थेची, म्हणजे पुढच्या तोहोची, साहाय्यक दिग्दर्शक हवेत अशी जाहिरात आली. जपानी चित्रपटांतील मूलभूत उणिवा आणि त्यांवरचे उपाय यांवर निबंध लिहून पाठवायचा होता. पाचशेहून अधिक अर्ज आले. दोषच मूलभूत असतील तर उपाय कसले, अशा खोडकर सुरात कुरोसावांनी निबंध लिहिला आणि त्यांची निवड झाली. दिग्दर्शक काजिरो यामामोतो यांच्या हाताखाली ते घडले. यामामोतोंनी त्यांना पटकथा लिहायला लावले, संकलन शिकवले, आपल्या चित्रपटांचे मोठमोठे भाग त्यांच्यावर सोपवले. यामामोतोंच्या १९३८ च्या 'त्सुझुरिकाता क्योशित्सु'मध्ये तोकुगावा मुसेइ या नामवंत बेन्शीने अभिनय केला होता. हेइगोला ओळखणारा हा माणूस चित्रीकरणाच्या वेळी कुरोसावांकडे निरखून पाहत असे. दोन्ही भाऊ हुबेहूब सारखे, फक्त थोरला छायाचित्राची निगेटिव्ह होता आणि धाकटा पॉझिटिव्ह, असा अभिप्राय त्याने दिला. कुरोसावांनी तो जन्मभर लक्षात ठेवला. यामामोतोंचा जो एक चित्रपट शंभरांत आहे, तो नेमका हाच.

यादीतील जपानी नावे वाचताना अशी माणसे भेटत राहतात. 'फ्लोटिंग क्लाउड्स'चे मिकिओ नारुसे. त्यांच्याकडे कुरोसावांनी साहाय्यक म्हणून थोडे काम केले होते. 'लेट स्प्रिंग'चे यासुजिरो ओझू. १९४३ मध्ये कुरोसावांचा पहिला चित्रपट 'सान्शिरो सुगाता' तपासणी मंडळापुढे आला तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याच्यावर दोषांची सरबत्ती केली. मंडळात बसलेल्या ओझूंनी मात्र त्याला शंभरपैकी एकशेवीस गुण देऊन टाकले आणि चित्रपट सुटला. सादाओ यामानाका हे तर अकाली विझलेले नाव. विलक्षण हलक्या हाताचा हा दिग्दर्शक सैन्यात भरती होऊन चीनमध्ये गेला आणि १९३८ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी तिकडेच आजाराने वारला. त्याचा १९३५ चा 'तांगे साझेन' यादीत आहे.

आणि आहे 'गॉडझिला'. शहर तुडवत जाणाऱ्या राक्षसी प्राण्याचा हा चित्रपट अभिजाततेच्या आग्रही मंडळींना खटकेल. पण त्याचे दिग्दर्शक इशिरो होंडा हे कुरोसावांचे यामामोतोंच्या हाताखालचे सोबती. कुरोसावा लष्करी सेवेतून सुटले. होंडांना मात्र पुन्हापुन्हा बोलावणे आले, त्यांची उमेदीची वर्षे चीनमधल्या आघाडीवर गेली आणि परतताना त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी पाहिली. १९५४ मध्ये तोहोने दोन्ही मित्रांचे चित्रपट प्रदर्शित केले, एकाचा 'सेव्हन सामुराई' आणि दुसऱ्याचा 'गॉडझिला'. एकाला जगभरच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतले, दुसऱ्याला जगभरच्या मुलांनी. उतारवयात होंडा आपले दिग्दर्शन बाजूला ठेवून मित्राच्या मदतीला आले. 'कागेमुशा'पासून 'मादादायो'पर्यंत कुरोसावांच्या अखेरच्या पाचही चित्रपटांत ते बाजूला उभे होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये ते गेले.

कुरोसावांची मधली वर्षे यशाची आणि सर्वश्रुत आहेत. १९४८ च्या 'ड्रंकन एंजल'पासून तोशिरो मिफुने त्यांच्या चित्रपटांत आले. १९५० च्या 'राशोमोन'ला पुढच्या वर्षी व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. चित्रपट महोत्सवाला पाठवला गेला आहे, याचीही कुरोसावांना कल्पना नव्हती. १९५२ मध्ये 'इकिरू' आला. एका मरणोन्मुख कारकुनाची ही कथा पाहून आजही भल्याभल्यांना रात्री झोप येत नाही. १९५७ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरच्या उद्घाटनाला ते गेले आणि तिथे त्यांना जॉन फोर्ड भेटले. कुरोसावांना ज्यांच्यासारखे म्हातारे व्हावेसे वाटे असा हा माणूस. फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' शंभरांत असणे ओघानेच आले.

भारतातील एकच चित्रपट यादीत आहे, तो सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली'. रायनी कोलकात्यात 'राशोमोन' लागोपाठ तीन दिवस पाहिला होता, तेव्हा त्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट पडद्यावर यायचा होता. १९७७ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने कुरोसावा भारतात आले. ताजमहालाच्या पार्श्वभूमीवर राय, कुरोसावा आणि मायकेलअँजेलो अँतोनियोनी यांचे त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अँतोनियोनींचा 'रेड डेझर्ट'ही यादीत आहेच. म्हणजे त्या छायाचित्रातला एक जण यादीचा धनी आणि उरलेले दोघे यादीत.

परंतु ताजमहालाजवळ उभे असलेले कुरोसावा मरणाच्या दारातून परत आलेले होते. १९६५ च्या 'रेड बिअर्ड'नंतर मिफुने आणि त्यांची वाट वेगळी झाली. एका अमेरिकी युद्धपटाच्या दिग्दर्शनावरून त्यांना दूर व्हावे लागले आणि त्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी नको ती चर्चा झाली. १९७० मध्ये 'दोदेस्कादेन' हा त्यांचा पहिला रंगीत चित्रपट अपयशी ठरला. जपानमध्ये त्यांच्यावर पैसे लावायला कोणी तयार होईना. २२ डिसेंबर १९७१ रोजी एकसष्ट वर्षांच्या कुरोसावांनी आपले जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. ते वाचले. घरात तेव्हा सतरा वर्षांची काझुको होती. अडतीस वर्षांपूर्वी एका भावाने पाहिलेले दृश्य एका मुलीला पाहावे लागता लागता राहिले.

या काळात त्यांना हात दिला तो सोव्हिएत रशियाने. सैबेरियाच्या अरण्यातील एका वृद्ध शिकाऱ्याची कथा सांगणारा 'देर्सू उझाला' त्यांनी १९७५ मध्ये पूर्ण केला आणि त्याला ऑस्कर मिळाले. रशियातील मुक्कामात त्यांना आंद्रेइ तारकोव्स्की भेटले. तारकोव्स्कींनी १९७२ मध्ये एका समीक्षकाच्या आग्रहावरून स्वतःच्या आवडत्या दहा चित्रपटांची यादी लिहून दिली होती आणि तिच्यात 'सेव्हन सामुराई' होता. मॉस्कोत कुरोसावांना 'सोलारिस' दाखवण्यात आला तेव्हा तारकोव्स्की प्रेक्षागृहाच्या एका कोपऱ्यात बसून होते. चित्रपट संपल्यावर दोघे जेवायला गेले, व्होडका झाली. एरवी न पिणारे तारकोव्स्की थोडे जास्तच प्यायले, त्यांनी उपाहारगृहातले संगीत बंद करवले आणि 'सेव्हन सामुराई'ची धून मोठमोठ्याने गायला सुरुवात केली. कुरोसावांनीही आपला आवाज मिसळला. 'सोलारिस' पुढे शंभरांत आला. एकमेकांच्या याद्यांत असलेले दोन दिग्दर्शक असे एकाच टेबलाशी बसून गाताना क्वचितच सापडतील.

मात्र ही यादी म्हणजे उपकारांची परतफेड आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. 'कागेमुशा'साठी जॉर्ज लुकास आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी आपले वजन खर्च केले. 'ड्रीम्स'ला अमेरिकेतून पैसा मिळवून देण्यात स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा वाटा होता. १९९० मध्ये कुरोसावांना जीवनगौरवाचे ऑस्कर देण्यात आले तेव्हा ते हाती ठेवायला लुकास आणि स्पीलबर्गच व्यासपीठावर होते. शंभरांत कोपोलांचा 'गॉडफादर'चा दुसरा भाग आहे, 'ड्रीम्स'मध्ये व्हॅन गॉगची भूमिका करणाऱ्या मार्टिन स्कोर्सेसींचा 'किंग ऑफ कॉमेडी' आहे. लुकास आणि स्पीलबर्ग नाहीत. कृतज्ञता एका जागी आणि आवड दुसऱ्या जागी, एवढा विवेक या घरात होता.

कुरोसावांच्या आवडीची आणखी एक, आधीची यादी आहे आणि ती त्यांनी स्वतः लिहिली आहे. १९७८ च्या सुमारास, रशियातून परतल्यावर पुढचा चित्रपट दृष्टिपथात नसताना, त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. झाँ रेन्वार यांचे आत्मचरित्र वाचून आपणही लिहावे असे त्यांना वाटले. त्याचे जपानी नाव 'बेडकाचे तेल' अशा अर्थाचे आहे. आरशांच्या पेटीत ठेवलेल्या बेडकाला आपले रूप पाहून घाम फुटतो आणि त्या घामाचे औषध करतात, अशी जपानमधल्या जडीबुटीवाल्यांची कथा. या पुस्तकात १९१९ ते १९२९ या काळात पाहिलेल्या आणि मनात राहिलेल्या शंभराच्या आसपास चित्रपटांची वर्षवार नोंद आहे, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतची. चित्रपटाच्या इतिहासात पुढे मानाचे स्थान मिळालेली इतकी नावे पोरवयात कशी काय पाहून झाली, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले. त्याचे श्रेय त्यांनी हेइगोला दिले. निवड भावाची होती, पाहणारे डोळे तेवढे त्यांचे. हेइगोच्या मृत्यूचे प्रकरण याच पुस्तकात आहे. सांगावीशी न वाटणारी गोष्ट, असे त्याचे शीर्षक आहे. पुस्तक 'राशोमोन'पाशी थांबते. त्यापुढचे आयुष्य त्यांनी लिहिलेच नाही.

दोन याद्या शेजारी ठेवल्या की गळतीही दिसते. आपल्यावर पहिला खोल ठसा उमटवणारा चित्रपट म्हणून कुरोसावा आबेल गान्स यांच्या 'ला रू'चे नाव घेत. मुलीने नोंदवलेल्या शंभरांत तो नाही. त्याविषयी बापलेकीत कधी फारसे बोलणे झाले नसावे, एवढाच तर्क करता येतो. ज्याच्याबरोबर त्या चित्रपटाविषयी बोलायचे, तो श्रोता काझुकोच्या जन्माआधी एकवीस वर्षे गेला होता.

'रान'चे चित्रीकरण चालू असताना, १ फेब्रुवारी १९८५ रोजी, पत्नी योको यांचे निधन झाले. कुरोसावा एक दिवस थांबले आणि कामावर परतले. वयाला ते जुमानत नसत. इंगमार बर्गमन सत्तरीचे झाले तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कुरोसावांनी त्यांना पत्र पाठवले. जपानी चित्रकार तेस्साइ यांची प्रतिभा ऐंशी ओलांडल्यावर फुलली, तेव्हा आपण दोघांनीही अजून काम करायचे आहे, असा त्याचा आशय होता. बर्गमन यांचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' शंभरांत आहे. आईच्या पश्चात काझुको वडिलांच्या कामात ओढली गेली आणि त्यांच्या अखेरच्या चित्रपटांच्या वेशभूषेत तिचा हात लागला.

नवे चित्रपट पाहणे म्हातारपणी सुटले नाही. इराणच्या किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' त्यांना भावला. एका मुलाने मित्राची वही परत करण्यासाठी शेजारच्या गावी पायपीट करायची, एवढीच त्यात गोष्ट. तैवानच्या हौ श्याओ-श्येन यांचा 'समर अॅट ग्रँडपाज', सर्बियाच्या कुस्तुरित्सांचा 'व्हेन फादर वॉज अवे ऑन बिझनेस' ही नावे सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आपल्या आवडीत नव्याने सामावून घेतली आहेत. बहुतेकांची आवड पंचविशीत गोठते. या यादीत ऐंशीच्या दशकातील चित्रपटांची गर्दी आहे.

१९९५ मध्ये पटकथा लिहीत असताना क्योतोत कुरोसावा पडले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. त्यानंतर ते चाकांच्या खुर्चीत होते. उभ्याने दिग्दर्शन करण्याची सवय असलेल्या, सहा फूट उंचीच्या या माणसाचा एकतिसावा चित्रपट झाला नाही. ६ सप्टेंबर १९९८ रोजी टोकियोच्या सेतागाया भागातील राहत्या घरी ते वारले. वय अठ्ठ्याऐंशी.

काझुकोने केलेल्या यादीत कुरोसावांच्या तीस चित्रपटांपैकी एकही नाही. हेइगोचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता, त्याने चित्रपट केला नव्हता. शंभरावा आणि शेवटचा चित्रपट आहे ताकेशी कितानो यांचा 'हाना-बी'. १९९७ मध्ये त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, 'राशोमोन'नंतर सेहेचाळीस वर्षांनी. त्यात एक पोलीस गोळी लागून जायबंदी होतो आणि चाकांच्या खुर्चीला खिळतो. एकटा पडतो, जीव द्यायचा प्रयत्न करतो, वाचतो, आणि मग चित्रे काढू लागतो.